नर्स व्हायचंय: सोलापुरातलं कॉलेज की मिलिटरी नर्सिंग?

बारावी सायन्सचा निकाल लागला की घरात प्रश्न निघतो: पोरीला इथल्याच नर्सिंग कॉलेजला घालायचं की आर्मीत पाठवायचं? प्रश्न असा विचारला की घोटाळा तिथेच सुरू होतो. आर्मीच्या वाटेवरही चार वर्षांचं कॉलेजच असतं आणि हातात पडते ती बी.एस्सी. नर्सिंगचीच पदवी. फरक तीन गोष्टींत आहे: प्रवेशपरीक्षा कोणती, खर्च कोण उचलतो आणि पदवीनंतरची वर्षं कोणाच्या हुकमावर जातात. आणखी एक गोष्ट बऱ्याच पालकांना माहीतच नसते. मुलींसाठी लष्कराचा दरवाजा दोनदा उघडतो, एकदा बारावीनंतर आणि एकदा पदवीनंतर.

आधी स्वतःला गाळणीतून काढा

मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसची, म्हणजे एमएनएसची, बी.एस्सी. फक्त मुलींसाठी आहे. उमेदवार अविवाहित हवी. घटस्फोटित, कायद्याने विभक्त किंवा विधवा असेल तर मूलबाळ नसावं. बारावी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी घेऊन, नियमित विद्यार्थिनी म्हणून, पहिल्याच प्रयत्नात आणि किमान ५० टक्क्यांनी पास हवी. ‘पहिल्याच प्रयत्नात’ हे शब्द नीट वाचा. मार्चमध्ये एक विषय राहिला आणि पुरवणी परीक्षेत सुटला, तर ही वाट बंद. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसलेल्यांचंही तेच. मात्र बारावी एका झटक्यात पास होऊन ‘नीट’ ही देशपातळीवरची वैद्यकीय प्रवेशपरीक्षा दुसऱ्यांदा देणाऱ्या मुलीला, वयात बसत असेल तर, अडचण नाही.

वयाची गोम वेगळीच आहे. नीटला आणि राज्याच्या बी.एस्सी.ला प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण झाली की चालतं. एमएनएसची खिडकी १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर अशी असते. २०२३ च्या प्रवेशासाठी जन्म १ ऑक्टोबर १९९८ ते ३० सप्टेंबर २००६ च्या दरम्यानचा हवा होता. म्हणजे ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरमध्ये १७ पूर्ण करणारी मुलगी नीट देऊ शकते, सोलापुरात बी.एस्सी.ला प्रवेश घेऊ शकते, पण त्या वर्षी एमएनएसला चालत नाही. फॉर्म भरण्याआधी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख बघा. आधार, दहावीचं प्रमाणपत्र आणि दाखला या तिन्हींवर ती एकच आहे ना, हेही त्याच बैठकीत तपासून टाका.

उंची किमान १५२ सेंटिमीटर लागते. ईशान्येकडच्या आणि गोरखा उमेदवारांना मिळणारी सवलत आपल्याकडच्या मुलींना नाही. उंची घरीच मोजा: अनवाणी, टाच भिंतीला टेकवून, सकाळच्या वेळी. दिवसभरात पाठीचा कणा दबतो आणि संध्याकाळी उंची किंचित कमी भरते.

आर्ट्स किंवा कॉमर्सची मुलं-मुली इथे बसत नाहीत. त्यांच्यासाठी तीन वर्षांचं जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) किंवा दोन वर्षांचं एएनएम (ऑक्झिलरी नर्सिंग अँड मिडवायफरी) आहे, कोणत्याही शाखेतून बारावी चालते. जीएनएमला इंग्रजी विषय आणि ४० टक्के गुण लागतात. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलं की पदवी होते. ही वाट लांबची असली तरी पक्की आहे, तिला कमी लेखू नका.

एमएनएसची प्रक्रिया, पायरीपायरीने

लष्कराची नर्सिंग कॉलेजं सहा आहेत. पुण्याचं एएफएमसी (लष्करी वैद्यकीय महाविद्यालय), मुंबईचं आयएनएचएस अश्विनी, लखनौ आणि बंगळूरची कमांड हॉस्पिटलं इथे प्रत्येकी ४० जागा, तर दिल्लीचं आर अँड आर हे आर्मी हॉस्पिटल आणि कोलकात्याचं कमांड हॉस्पिटल इथे प्रत्येकी ३०. सगळ्या देशासाठी मिळून २२०. हा आकडा डोळ्यासमोर ठेवूनच पुढचं वाचा. मुंबईच्या ‘अश्विनी’ची आणि आपल्या सोलापुरातल्या ‘अश्विनी’ची गल्लत करू नका, पहिलं नौदलाचं हॉस्पिटल आहे, दुसरं सहकारी.

पहिली पायरी नीट. २०२२ पासून एमएनएसची निवड नीटच्या गुणांवरून सुरू होते. पेपर ७२० गुणांचा, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. परीक्षेचं केंद्र सोलापुरातही मिळतं, त्यामुळे शहरांच्या पसंतीत सोलापूर वर टाका. मे महिन्याच्या उन्हात आदल्या रात्री दुसऱ्या शहरात लॉज शोधत फिरण्याची गरज नाही.

दुसरी पायरी ही सगळ्यात जास्त जणींची चुकते. नीट दिली की एमएनएससाठी नाव आपोआप जात नाही. त्यासाठी ‘जॉइन इंडियन आर्मी’च्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज भरावा लागतो, आणि अर्जाची मुदत थोड्या दिवसांची असते. निकालानंतर सगळं घर एमबीबीएस-बीएएमएसच्या कट-ऑफच्या चर्चेत रमलेलं असताना ही मुदत निघून जाते. नीटचा निकाल लागला त्या दिवसापासून रोज एकदा ते संकेतस्थळ उघडायचं, ही सवय लावून घ्या. सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर राहू नका. अर्ज भरताना ई-मेल आणि मोबाईल स्वतःचा द्या. कॅफेचा ई-मेल दिला तर मुलाखतीचं बोलावणं तिथेच पडून राहतं.

तिसरी पायरी निवडफेरीची. नीटच्या गुणांवरून यादी लागते. यादीतल्या मुलींची सामान्य बुद्धिमत्ता आणि इंग्रजीची संगणकावरची चाचणी होते, मग मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि शेवटी वैद्यकीय तपासणी. मराठी माध्यमातल्या मुली बायोलॉजीत कमी पडत नाहीत, इंग्रजी बोलताना अडखळतात. मुलाखतीतले प्रश्न अवघड नसतात: नर्सच का व्हायचंय, लष्करातच का, तुमच्या जिल्ह्याबद्दल सांगा. रोज दहा मिनिटं मोठ्याने इंग्रजीत बोलण्याचा सराव जानेवारीपासून केला तर ऑगस्टपर्यंत जीभ सुटते. पाठ केलेलं भाषण मात्र समोरच्याला दुसऱ्या वाक्याला कळतं.

मेडिकलमध्ये कुठे अडतं

लेखी पार पडून वैद्यकीय तपासणीत बाहेर जाणाऱ्या मुलींची हळहळ मोठी असते, कारण त्यातली निम्मीअधिक कारणं आधी कळू शकली असती. छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी होते. रक्तात हिमोग्लोबिन कमी, वजन उंचीच्या प्रमाणात नाही, कानात मळ साचलेला, दात किडलेले, या दुरुस्त होण्याजोग्या गोष्टी आहेत. सपाट तळवे, एकमेकांना घासणारे गुडघे, नजरेचा मोठा दोष, ऐकू कमी येणं, या गोष्टी घरच्या उपायांनी जात नाहीत.

म्हणून बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीत सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, केसपेपर काढा आणि डोळे, कान, दात, हिमोग्लोबिन, वजन-उंची एवढं तपासून घ्या. हिमोग्लोबिन कमी निघालं तर लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करा. फरक दिसायला आठवडे जातात, तपासणीच्या आदल्या दिवशी बीट खाऊन काही होत नाही. अंडाशयात गाठ किंवा पाळीच्या तक्रारी असतील तर सोनोग्राफी आधीच करून घ्या. तपासणीत अपात्र ठरवलं तरी अपिलाची तरतूद असते. अपिलाची मुदत आणि जागा त्याच कागदावर लिहून मागा.

पैसा, बाँड, बदली आणि लग्न

एमएनएसच्या चार वर्षांत राहणं आणि जेवण सरकारकडून, गणवेशासाठी भत्ता आणि दरमहा विद्यावेतन मिळतं. ज्या घरात यंत्रमागावर किंवा शेतीवर चूल चालते, त्या घरासाठी ही बाब साधी नाही. पदवी आणि नोंदणीनंतर लेफ्टनंट म्हणून कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळतं. सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून, त्यावर नर्सिंग अधिकाऱ्यांचं लष्करी सेवा वेतन १०,८०० रुपये आणि महागाई भत्ता वगैरे वेगळं. तुलनेसाठी: महाराष्ट्र शासनाच्या अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० पासून, तर एम्ससारख्या केंद्रीय संस्थांत नर्सिंग ऑफिसरचं ४४,९०० पासून सुरू होतं. खासगी हॉस्पिटलात नवख्या नर्सच्या हातात याहून बरंच कमी पडतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

या बदल्यात सही लागते ती बाँडवर. प्रशिक्षण अर्ध्यात सोडलं किंवा कमिशन नाकारलं तर ठरलेली रक्कम भरावी लागते, आणि बाँडवर पालकही बांधले जातात. रक्कम त्या वर्षीच्या जाहिरातीत छापलेली असते. ती वाचल्याशिवाय, वडिलांना वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. पहिल्या सत्रात घरची आठवण येऊन परत यावंसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे, पण इथे त्याची किंमत रुपयांत मोजली जाते.

बदली देशात कुठेही. ‘पुणे मिळालं तर जाईन’ असं म्हणणाऱ्या मुलीने हा विचार सोडलेला बरा. कॉलेज मेरिटवरून मिळतं, आणि पुण्याचं कॉलेज मिळालं म्हणून पुढची पोस्टिंगही सोलापूर-पुणे हुतात्मा एक्सप्रेसच्या टप्प्यातली मिळेल असं काही नाही.

लग्नाचा विषय घरात हमखास निघतो. प्रशिक्षणाच्या चार वर्षांत लग्न करता येत नाही. नंतर करता येतं. १९८८ साली एका लष्करी परिचारिका अधिकाऱ्याला लग्न केलं म्हणून सेवेतून काढलं होतं. ज्या जुन्या सूचनेवरून काढलं ती १९९५ मध्ये रद्द झाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मनमानी ठरवून तिला ६० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. ‘आर्मीत गेली की लग्न होत नाही’ म्हणणाऱ्या आत्याबाईंना एवढं सांगितलं तरी पुरे.

कॉलेजची वाट: सीईटी आणि कॅप

महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगला राज्य सीईटी कक्षाची वेगळी परीक्षा आहे. १०० प्रश्न, १०० गुण, ९० मिनिटं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अभिरुची असे पाच भाग, प्रत्येकी २० प्रश्न. चुकीला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. नीटच्या अभ्यासात तीन भाग झालेलेच असतात, इंग्रजी आणि अभिरुचीला दोन आठवडे वेगळे काढले की झालं. बारावीत पीसीबी आणि इंग्रजी मिळून खुल्या वर्गाला ४५ टक्के, राखीव वर्गांना ४० टक्के लागतात. नीट दिली म्हणून सीईटीचा फॉर्म न भरणं ही दुसरी नेहमीची चूक. जीएनएम-एएनएमचे प्रवेश त्या वर्षी कसे होणार, हे त्याच कक्षाच्या सूचनांत वाचा.

परीक्षेनंतर कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशफेऱ्या. इथे कागद अडवतात. अधिवास, राष्ट्रीयत्व, उत्पन्न, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि जातवैधता. बाकीचे सेतूतून काही दिवसांत निघतात, पण जातवैधता सोलापूरच्या पडताळणी समितीकडून येते आणि तिला वेळ लागतो. अर्ज बारावीत असतानाच ज्युनिअर कॉलेजमार्फत करा. जूनमध्ये धावपळ सुरू केली तर राखीव जागा डोळ्यांदेखत जाते. नॉन-क्रीमीलेअरची मुदत कोणत्या मार्चअखेर संपते, तेही बघून ठेवा.

फीबाबत: २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. अट एकच, पण कडक: प्रवेश कॅपमधून हवा. ‘फेऱ्यांच्या नादाला लागू नका, आमच्याकडे थेट सीट आहे’ असं म्हणणारा माणूस तुमची ही सवलत घालवत असतो. महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावर, अर्ज दरवर्षी करावा लागतो. बँक खातं आधारला जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात.

खासगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. काउंटरवर सांगितलेला आकडा तिच्याशी ताडून बघा. आणि हिशेब चार वर्षांचा करा: हॉस्टेल, मेस, गणवेश, विद्यापीठाची परीक्षा फी, क्लिनिकल पोस्टिंगला जायची बस. ‘पहिल्या वर्षी फक्त एवढेच’ हा हिशेब दुसऱ्या वर्षी कोलमडतो.

कॉलेज बघायला जाल तेव्हा

तीन नावं तपासा: भारतीय परिचर्या परिषद, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिक आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल. तिन्हींच्या यादीत कॉलेज हवं. ‘मान्यता प्रक्रियेत आहे’ याचा अर्थ मान्यता नाही. सहा महिन्यांचे ‘नर्सिंग केअर’, ‘होम नर्सिंग’ असे कोर्स करून कोणी नोंदणीकृत नर्स होत नाही, प्रमाणपत्राला कितीही सोनेरी किनार असो.

मग हॉस्पिटल बघा, इमारत नंतर. परिषदेच्या नियमाप्रमाणे कॉलेजचं स्वतःचं किमान १०० खाटांचं हॉस्पिटल हवं आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हे प्रमाण. कागदावर ते सगळीकडेच असतं. खरं काय ते सकाळी आठच्या सुमारास, ड्युटी बदलताना वॉर्डात गेलं की दिसतं: खाटा भरलेल्या आहेत का, विद्यार्थिनी पेशंटजवळ आहेत की कॉरिडॉरमध्ये फाईल लिहीत बसल्यात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या ताईला बाजूला घेऊन विचारा: आत्तापर्यंत सलाईन किती लावली, लेबर रूममध्ये किती बाळंतपणं स्वतः केली, नोंदवही खरी भरतात की शेवटी एका रात्रीत? तिच्या उत्तरातून माहितीपत्रकापेक्षा जास्त कळतं. ज्या कॉलेजची पोस्टिंग सिव्हिलसारख्या गर्दीच्या ठिकाणी असते तिथल्या मुली दमतात, पण हात बसतो. शिवाय सोलापूरच्या वॉर्डात मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी अशा सगळ्या बोली कानावर पडतात. ‘कुठं दुखतंय’ एवढं चार भाषांत विचारता येणारी नर्स वॉर्डात सगळ्यांना हवी असते.

सोलापूरकरांना एक मोह जवळच आहे. विजयपूर आणि कलबुर्गी शंभरेक किलोमीटरवर, आणि तिकडच्या सीटा विकणारे एजंट इकडे फिरतात. कर्नाटकातली चांगली कॉलेजं चांगलीच आहेत. अडचण ‘हजेरी लागत नाही, परीक्षेला या’ असं सांगणाऱ्यांची आहे. हजेरीशिवायची पदवी वॉर्डात पहिल्याच रात्रपाळीला उघडी पडते. आणि तिकडे शिकलात तर नोंदणी आधी कर्नाटकाच्या कौन्सिलमध्ये, मग ना-हरकत घेऊन महाराष्ट्रात, असा जादा फेरा आहे. महाराष्ट्राची फीसवलत तिथे गृहीत धरू नका.

दोन्ही वाटा एकदम चालवताना

हे शक्य आहे आणि करावंही. नीट आणि सीईटी दोन्ही द्या. एमएनएसची निवड सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पुढेही रेंगाळते, तोवर राज्याच्या फेऱ्यांत जागा वाटल्या जातात. म्हणून कॅपमध्ये जागा मिळाली की प्रवेश घ्या, लष्कराच्या यादीसाठी ती सोडू नका.

पेच येतो मूळ कागदपत्रांचा. प्रवेश घेतला की मूळ गुणपत्रिका आणि दाखला कॉलेजकडे जमा होतो, आणि लष्कराच्या मुलाखतीत मूळ कागद दाखवावे लागतात. जमा करण्याआधी प्रत्येक कागदाचं रंगीत स्कॅन आणि सहा साक्षांकित प्रती करून ठेवा, ‘मूळ कागदपत्रं आमच्याकडे आहेत’ असं पत्र लेटरहेडवर शिक्क्यासह घ्या, आणि मुलाखतीपुरते कागद परत मिळतील का हे प्रवेशाच्या दिवशीच विचारा. प्रवेश रद्द केल्यावर फी किती परत मिळते आणि कोणत्या तारखेपर्यंत, तेही त्याच दिवशी लिहून घ्या.

सुटलेली गाडी पुन्हा येते

एमएनएससाठी एक वर्ष ड्रॉप घ्यावा का? आमचं मत: बहुतेकींनी घेऊ नये. कारण तोच दुसरा दरवाजा. बी.एस्सी., पोस्ट बेसिक बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. नर्सिंग झालेल्या, कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या २१ ते ३५ वयाच्या महिलांना एमएनएसच्या शॉर्ट सर्व्हिस कमिशनसाठी अर्ज करता येतो. लेखी परीक्षा, मुलाखत, मेडिकल, आणि थेट लेफ्टनंट. सेवा आधी पाच वर्षं, मग पाच आणि चार अशी वाढून जास्तीत जास्त १४ वर्षं. चौदा वर्षांत पेन्शन बसत नाही, हे ध्यानात घ्या. जाहिरात दरवर्षी येईलच असंही नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर बाकीच्या नोकरीचे अर्ज थांबवू नका.

आर्ट्सवाल्या मुलीचाही हिशेब यात बसतो. अठराव्या वर्षी बारावी, एकविसाव्या वर्षी जीएनएम, पोस्ट बेसिक धरून चोविशीपर्यंत पदवी. पस्तीसला अजून अकरा वर्षं असतात. नुसत्या जीएनएमवर मात्र हा अर्ज चालत नाही.

मुलग्यांसाठी

एमएनएस मुलग्यांना नाही. भरतीच्या जाहिरातीत दिसणारं ‘सोल्जर टेक्निकल, नर्सिंग असिस्टंट’ हे वेगळं पद आहे: बारावी पीसीबी आणि इंग्रजी, एकूण ५० टक्के, प्रत्येक विषयात ४०, मग लेखी परीक्षा आणि १.६ किलोमीटर धावणं. नोकरी मानाची आहे, पण ते प्रशिक्षण म्हणजे जीएनएम किंवा बी.एस्सी. नव्हे. सैन्यातून बाहेर पडल्यावर त्या जोरावर महाराष्ट्र कौन्सिलची नोंदणी मिळेल असं धरून चालू नका. ज्याला नर्सच व्हायचंय त्या मुलाने सीईटी द्यावी, बी.एस्सी. करावी आणि पुढे एम्सची नॉरसेट, म्हणजे नर्सिंग ऑफिसर भरतीची, परीक्षा बघावी. तिथे २० टक्के जागा पुरुषांसाठी असतात. जीएनएम केलेल्याला तिथे किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, म्हणून पहिली नोकरी निवडताना पगाराआधी खाटा मोजा आणि अनुभवाच्या दाखल्यावर खाटांचा आकडा लिहून घ्या.